दीड हजाराच्या हँगरची जकात

मा. निर्मला सीतारमण,
केंद्रीय अर्थमंत्री, भारत सरकार
यांस,

विषय: परदेशातून घरी मागवलेले सायकलचे सुटे भाग, त्यांवरचे कर आणि ते सुटायला लागणारा वेळ

महोदया,

आधी आभार मानतो. १ फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पी भाषणात आपण व्यक्तिगत वापरासाठी परदेशातून येणाऱ्या वस्तूंवरचे सीमाशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव मांडलात. त्याआधी, २२ सप्टेंबर २०२५ पासून, अशाच वस्तूंवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला होता. मोठ्या आकड्यांच्या गदारोळात या दोन गोष्टींकडे फारसे कुणी पाहिले नाही. आम्ही पाहिले. आम्ही म्हणजे ज्यांच्या गिअरच्या सायकली एखाद्या बोटभर तुकड्यासाठी भिंतीला टेकून उभ्या असतात, ते लोक.

मी भेस्तानला राहतो. सुरतेहून मुंबईकडे निघाले की उधन्यानंतरचे आणि सचिनच्या अलीकडचे स्टेशन. आजूबाजूला लूम, पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिल आणि धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेली आमची माणसे. इथल्या भाजीबाजारात गुजराती, हिंदी आणि अहिराणी एकाच व्यवहारात वापरली जाते. आमचे खासदार सी. आर. पाटील हेही मूळचे जळगाव जिल्ह्याचे, आणि आपल्याच मंत्रिमंडळात आहेत. तेव्हा पत्र मराठीत असले तरी दिल्लीत ते वाचून दाखवणारा माणूस शोधावा लागणार नाही, एवढे मी धरून चाललो आहे.

भेस्तानात सायकल हा शौक नव्हता, आजही बहुतेकांसाठी नाही. पाळी सुटल्यावर रस्त्यावर जी सायकल दिसते ती काळी, दांडीची, मागे कॅरेज असलेली. तिचा चिमटा, पायडल, फ्रीव्हील, छर्रे, आरे, सगळे लुधियानाहून येते आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. कारागीर ते बसवून देतो आणि माणूस तासाभरात घरी जातो. या सायकलीला आपल्या खात्याशी कधीच काम पडत नाही. म्हणून स्पष्टच लिहितो: मी मांडतो आहे तो प्रश्न त्या सायकलीचा नाही. ‘गरिबांच्या वाहनावर अन्याय’ अशी हाकाटी मला करायची नाही.

पण त्याच घरातल्या पुढच्या पिढीने गिअरची सायकल घेतली आहे. काहींनी नवी, पुष्कळांनी जुनी, वापरलेली. कुणी सकाळी डुमसच्या समुद्राकडे फेरी मारतो, कुणी सापुताऱ्याचा घाट चढण्याची स्वप्ने पाहतो, कुणी दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांबची फेरी, साडेतेरा तासांत संपवण्याच्या मागे असतो. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ती एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून हे वेड आमच्याकडेही उतरले. आणि अशा सायकलीचा एखादा भाग मोडला, की कोपऱ्यावरचा कारागीर मान हलवतो.

उदाहरणच घ्यायचे तर डिरेलर हँगर. मागच्या चाकाजवळ सायकलच्या सांगाड्याला अॅल्युमिनियमचा एक छोटा तुकडा स्क्रूने बसवलेला असतो. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा डिरेलर त्याला लटकतो. हा तुकडा मुद्दाम नरम ठेवलेला असतो. सायकल आडवी पडली तर आधी तो वाकावा किंवा तुटावा आणि महागडा सांगाडा वाचावा, हाच त्याचा उद्देश. म्हणजे त्याचा जन्मच तुटण्यासाठी. अडचण एवढीच की हँगर सर्व सायकलींना सारखा नसतो. प्रत्येक कंपनीचा, कधी कधी प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा. असे शेकडो आकार बाजारात आहेत. इथला आयातदार ते सगळे ठेवू शकत नाही, आणि त्याने का ठेवावेत? वर्षात दोन विकले जाणार. तो चेन, कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच), ब्रेकचे रबर असा खपणारा माल आणतो, आणि ते त्याच्या बाजूने बरोबरच आहे. उरतो एक मार्ग: परदेशातल्या विक्रेत्याकडून तो एकच तुकडा मागवणे.

इथून आपले खाते सुरू होते.

सीमाशुल्काच्या दरपत्रकात सायकलच्या सुट्या भागांना रीतसर घर आहे. ८७१४ या क्रमांकाखाली सांगाडा आणि चिमटा, रिम आणि आरे, हब, ब्रेक, सीट, पायडल आणि क्रँक अशा वेगवेगळ्या खोल्या आहेत. सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिचे हे भाग यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. चांगला निर्णय होता. पण मी घरी मागवलेला हँगर त्या घरात जातच नाही. तो जातो प्रकरण ९८ मध्ये, ९८०४ या क्रमांकाखाली: टपालाने किंवा विमानाने आलेली, व्यक्तिगत वापराची कुठलीही करपात्र वस्तू. औषधे तेवढी वेगळी काढली आहेत. बाकी परकर असो, बाहुली असो की गिअर, सगळ्यांना एकच माप. या प्रकरणाच्या पहिल्याच टिपेत म्हटले आहे की एखादी वस्तू दुसरीकडे अधिक नेमक्या शब्दांत नोंदलेली असली, तरी इथल्या अटींत बसत असेल तर तिला हेच प्रकरण लागू होईल.

म्हणून असे होते: दुकानातून घेतलेल्या सायकलच्या भागावर ५ टक्के जीएसटी, तोच भाग दुकानात मिळत नाही म्हणून पार्सलने मागवला की १८ टक्के. सरकारने स्वतःच ठरवले की सायकलचा भाग ही चैन नाही. मग तो खोक्यात बसून विमानाने आला की चैन कसा होतो?

या एकाच मापामागचे कारण मला समजते. पार्सलांच्या ढिगापुढे बसलेल्या अधिकाऱ्याने प्रत्येक खोके उघडून हा डिरेलर की हा शिफ्टर असे ओळखत बसावे, ही अपेक्षा कुणीही करणार नाही. एक दर ठेवला की काम झटपट होते. तर्क पक्का आहे. पण काम झटपट होत असेल तरच.

आता हिशेब. समजा हँगरची किंमत दीड हजार रुपये. सीमाशुल्कासाठी मूल्य ठरवताना वाहतूक आणि विमा धरला जातो. विमानाने आलेल्या मालाचे भाडे मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपुढे धरायचे नाही, असे २००७ च्या मूल्यनिर्धारण नियमांत आहे. म्हणजे मूल्य साधारण अठराशे. त्यावर १० टक्के, म्हणजे १८०. मग अठराशे आणि १८० मिळून जी रक्कम होते तिच्यावर १८ टक्के जीएसटी, साधारण ३५६. एकूण साडेपाचशेच्या आत, अधिभार वगैरे असेल तर तो सोडून. जुन्या दराने, म्हणजे २० आणि २८ टक्क्यांनी, हाच आकडा साडेनऊशेच्या पुढे जात होता. फरक मोठा आहे, पुन्हा आभार.

मात्र ग्राहकाच्या हातात येणारे बिल साडेपाचशेचे नसते. आपल्या वतीने कर भरला म्हणून कुरियर कंपनी शुल्क घेते. ते बहुधा ठरीव किमान रकमेचे असते आणि छोट्या पार्सलावर मूळ करापेक्षाही जास्त भरू शकते. त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी. कुठे कागदपत्र हाताळणीचे पैसे, कुठे साठवणुकीचे. लाखाच्या मालाला हे शुल्क म्हणजे चिल्लर. दीड हजाराच्या हँगरला ते डोईजड. आणि यातले काहीही मागवण्याच्या वेळी कळत नाही. सामान विमानतळावर येते, मग फोनवर एक आकडा येतो. भरा नाहीतर परत पाठवतो.

माझ्या एका पार्सलाचे असेच झाले. कंपनीचे नाव घेत नाही. एकट्या तिचा तो दोष नव्हता. आधी ओळखपत्र मागितले, ते दिले. मग कळले की नाव जुळत नाही. गुजरात आणि महाराष्ट्रात कागदावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, असे लिहायची पद्धत आहे. परदेशी विक्रेत्याच्या चिठ्ठीवर वडील नव्हतेच, आणि आडनाव शेवटी होते. वडिलांना हुडकून मधे बसवले. मग किमतीचा पुरावा मागितला, कारण विक्रेत्याने चिठ्ठीवर लिहिलेली किंमत संशयास्पद वाटली. बँकेचे विवरण पाठवले. बँकेचा विनिमय दर वेगळा, सीमाशुल्क मंडळाने जाहीर केलेला वेगळा, त्यावरून आणखी एक प्रश्न. यातला एकेक प्रश्न रास्त होता. मात्र ते एका वेळी एक आले, प्रत्येकाआधी शांतता होती, आणि त्या शांततेत साठवणुकीचे भाडे चालू होते. हँगर आला तेव्हा पावसाळा संपून रस्ते कोरडे झाले होते.

म्हणून म्हणतो, दर हा आता आमचा पहिला प्रश्न राहिलेला नाही. किती पैसे आणि किती दिवस हे आधी कळत नाही, हा आहे.

सुरतेला जकातीची ही कटकट काही नवी नाही, हे ओघाने सांगायला हवे. हे शहर मोगल काळात देशाचे सर्वांत मोठे बंदर होते आणि इथली जकातकचेरी त्या काळच्या प्रवाशांच्या लेखनात हटकून येते. १६६६ च्या सुरुवातीला आलेल्या थेवनो नावाच्या फ्रेंच प्रवाशाने इथल्या झडतीचे वर्णन केले आहे. अंगाची झडती, सामानाची झडती, काहीही सुटत नसे. दोनच वर्षांपूर्वी शिवाजी महाराजांनी हे शहर लुटले होते, तेव्हा अंमलदार जरा जास्तच चौकस असले तर नवल नाही. पुढे १७१७ मध्ये फर्रुखसियर बादशहाने इंग्रज कंपनीला फर्मान दिले: वर्षाला दहा हजार रुपये ठोक भरा आणि सुरतेच्या जकातीतून मोकळे व्हा. देशाच्या दृष्टीने तो सौदा महागात पडला, हे शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. पण एक गोष्ट कंपनीने नेमकी ओळखली होती. व्यापाऱ्याला जकात कमी हवी असते, त्याहून जास्त ती ठरलेली हवी असते.

आणि सुरत आजही छोट्या, महाग पुडक्यांवर जगते. जगातले बहुतेक हिरे इथे पैलू पाडून जातात. कच्चा हिरा परदेशातून येतो तेव्हा त्यावर मूळ सीमाशुल्क नाही. कारण उघड आहे: हिरा पैलू पाडून परत जातो आणि डॉलर घेऊन येतो, माझा हँगर कुठेही परत जात नाही. बरोबरी करण्याचा माझा इरादा नाही. एवढेच दाखवायचे आहे की हातात मावणारी पुडी नीट नोंदून, पारखून सोडायची कशी, हे या देशाच्या यंत्रणेला उत्तम येते.

आता लुधियानाबद्दल. सायकलवरचा कर वाढवण्याचे समर्थन नेहमी देशी उद्योगाच्या नावाने होते. २०२३ च्या अर्थसंकल्पात आपणच आयात सायकलींवरचे शुल्क ३० वरून ३५ टक्के केले होते. संपूर्ण सायकलीच्या बाबतीत हा वाद करता येईल. हीरो, एव्हॉन, चेन्नईची टीआय, ही सगळी मोठी घराणी आहेत आणि हजारो माणसे त्यांवर जगतात. १९४९ साली टीआय सुरू झाली, १९५६ साली हीरो, तेव्हा परदेशी मालाला आडकाठी नसती तर हे उद्योग कितपत तगले असते, हा प्रश्न रास्त आहे. लुधियानाच्या छर्र्यांवर वाढलेला माणूस मी, संरक्षणाला सरसकट नावे ठेवणार नाही.

पण संरक्षण देण्यासाठी आधी कुणीतरी ती वस्तू बनवत असायला हवे. अकरा किंवा बारा चकत्यांची कॅसेट, ब्रेक आणि गिअर एकत्र असलेला लिव्हर, असल्या वस्तू जपानची शिमानो, अमेरिकेची स्रॅम, इटलीची कॅम्पाग्नोलो आणि तैवान-चीनमधल्या कंपन्या बनवतात. आपल्याच देशी कंपन्यांच्या गिअर सायकली उलट्या करून पाहा, मागे बहुधा शिमानोचे नाव असते. हीरोने २०१५ मध्ये विकत घेतलेल्या फायरफॉक्सच्या सायकलीही त्याला अपवाद नाहीत. एका परदेशी सांगाड्याचा एकुलता एक हँगर बनवायला लुधियानातला कुणी बसलेला नाही. माझ्याकडून कर घेतल्याने त्याच्या भट्टीत एक कोळसाही वाढत नाही. जे होते ते असे: दीड हजाराच्या तुकड्यासाठी सगळा व्याप करण्यापेक्षा लोक सायकल कोपऱ्यात लावतात, आणि कालांतराने ती भंगारवाल्याकडे जाते. दुरुस्त करण्यापेक्षा टाकून देणे सोपे व्हावे, असे धोरण आपण ठरवून केले असेल असे मला वाटत नाही. आपोआप तसे झाले आहे.

सगळ्यात टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. आमच्या गल्लीत ज्यांचा मुलगा दुबईत किंवा अमेरिकेत आहे, त्यांची सायकल कधीच अडत नाही. मुलगा दिवाळीला येताना बॅगेत हँगर, कॅसेट, दोन टायरही आणतो. नियमाने आणतो, विमानाने परतणाऱ्या प्रवाशाला ५० हजारांपर्यंतचे सामान करमुक्त होते, २०२६ च्या नव्या बॅगेज नियमांनी ते ७५ हजार झाले. चांगलेच झाले. पण मग घरी बसून मागवणाऱ्याला काय? सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २५(६) मध्ये त्याच्यासाठी एक सवलत आहे: शुल्क १०० रुपयांपर्यंत होत असेल तर ते वसूल करू नये. आजच्या दरांनी ही सवलत मोटामोटी तीन-साडेतीनशे रुपयांच्या वस्तूला लागू पडते. परदेशातून येणारी राखी त्यात सुटते, आणि राखी सुटायलाच हवी. विमानाने येणाऱ्याला पाऊण लाख आणि टपालाने मागवणाऱ्याला साडेतीनशे, यामागे कोणते तत्त्व आहे? ज्याच्याकडे विमानाचे तिकीट काढणारे नातेवाईक आहेत त्याला सूट, आणि ज्याचे नातेवाईक शिरपूर-साक्रीला आहेत त्याला कर, एवढेच मला त्यात दिसते.

कुणी म्हणेल, बाहेरचे जगच आता दारे लावत आहे. खरे आहे. अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी ऑगस्ट २०२५ अखेर बंद केली. युरोपीय संघानेही दीडशे युरोपर्यंतची सूट मोडीत काढून १ जुलै २०२६ पासून छोट्या पार्सलांतल्या वस्तूंवर तीन युरोचे ठोक शुल्क घेण्याचे ठरवले. स्वस्त मालाच्या लोंढ्याची त्यांना धास्ती आहे, ती आपल्यालाही असणार. २०१९ च्या डिसेंबरमध्ये सरकारने पाच हजारांपर्यंतच्या ‘भेटवस्तूं’ची वाट बंद केली ती याच कारणाने, त्या वाटेने भेटींऐवजी दुकानेच्या दुकाने आत येत होती. तेव्हा मी सरसकट माफी मागत नाही. पण युरोपने काय केले ते पाहा: कर लावला, मात्र तो असा लावला की मागवणाऱ्याला आधीच आकडा माहीत असेल.

मला हवे आहे ते असेच काहीतरी. पाच हजार रुपयांच्या आतल्या पार्सलावर एक ठोक रक्कम ठेवा. तीनशे ठेवा, चारशे ठेवा, ती मागवतानाच संकेतस्थळावर भरता येऊ द्या आणि भरल्याची पावती पार्सलाला चिकटून येऊ द्या. तिजोरीचे नुकसान होणार नाही, अधिकाऱ्याचा वेळ वाचेल आणि कुरियर कंपनीला ‘तुमच्या वतीने भरले’ म्हणून वेगळे बिल फाडायचे कारण उरणार नाही. तेवढे जमेपर्यंत निदान ९८०४ मध्ये औषधांना जशी वेगळी ओळ आहे तशी दुरुस्तीच्या सुट्या भागांना द्या, आणि ज्या वस्तूवर देशात ५ टक्के जीएसटी आहे तिच्यावर पार्सलातही ५ टक्केच घ्या. सायकलपुरते म्हणत नाही. शिलाई मशीन, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, सगळ्यांचे भाग मोडतात.

वेळेबद्दल एक छोटी, बिनखर्चाची गोष्ट. २००९ च्या माल हाताळणी नियमांत असे आहे की अधिकाऱ्याने जप्त केलेल्या किंवा अडकवून ठेवलेल्या मालावर भाडे किंवा डेमरेज (विलंबशुल्क) घेऊ नये. खात्याने प्रश्न विचारला आणि ग्राहकाने उत्तर दिले, त्यानंतरचे दिवसही यातच मोजा, आणि सगळे प्रश्न एकाच पत्रात विचारायचे बंधन घाला. ओळखपत्र एकदा तपासले की पुढच्या पार्सलाला पुन्हा वडिलांना हुडकायला लावू नका.

सीमाशुल्काचा दर आपल्या हातात आहे, पण जीएसटीचा दर परिषदेतून जातो आणि तिथे राज्येही बसतात, हे मला माहीत आहे. म्हणून या पत्राची प्रत गुजरातचे अर्थमंत्री कनुभाई देसाई यांना पाठवत आहे. त्यांचा पारडी मतदारसंघ इथून फार लांब नाही, आणि वापीच्या कारखान्यांतही परदेशी यंत्राचा एखादा तुकडा विमानतळावर अडकलेला असणारच. मी काय म्हणतो ते त्यांना वेगळे समजावून सांगावे लागू नये.

आपला,
एक सायकलस्वार
भेस्तान, सुरत